सासऱ्यांच्या होडीतलं सीमोल्लंघन

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे शौर्य गाजवलं त्याची किंमत कळेल. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत वाढलेल्या माणसाला पाण्याची ओळख होते ती नळातून, आणि तीही चार-पाच दिवसांतून एकदा. नळ आला की पातेली, कळश्या, पिंप, अगदी चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवायचं, एवढाच आमचा जलविहार. आणि लग्न ठरलं ते नेमकं उजनीच्या काठावरच्या मुलीशी. तिच्या माहेरच्या अंगणात उभं राहिलं की समोर नुसतं पाणीच पाणी, पलीकडचा काठ म्हणजे एक पुसट रेघ. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. सासऱ्यांनी विचारलं, "काय बगताय, पाव्हणं?" मी म्हणालो, "आमचा नळ." ते इतके हसले की मला त्या दिवशीच जावई म्हणून पसंतीची पावती मिळाली.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो, घरचे सगळे आबा. मामांची पत्र्याची लांब होडी आहे, दहा-बारा माणसं बसतील अशी, मागे डिझेलचं इंजिन. मासेमारी करायची आणि माणसं या काठावरून त्या काठाला सोडायची, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. रस्त्याने गेलं तर वळसा घालण्यात अर्धा दिवस जातो, होडीतून पाऊण तासात पलीकडे. इंजिन सुरू करायची दोरी वेगळी असते, चाकाला गुंडाळायची आणि हिसडा मारायचा. ती दोरी मामा कधी होडीत ठेवत नसत. कमरेला करदोट्याशेजारी बांधलेली असायची. मेहुणा चाळिशीला आला, तरी त्याच्या हातात ती दोरी कधी पडली नव्हती.

धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्यात गेलं आणि माणसं दोन काठांना वाटली गेली. निम्मी इकडे, निम्मी तिकडे. तेव्हापासून मामांचा एक नेम आहे. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन होडीतून पलीकडे जायचं आणि तिकडच्या गाववाल्यांना सोनं द्यायचं. पलीकडचा काठ पुणे जिल्ह्यात, त्यामुळे हे सीमोल्लंघन सरकारी कागदानुसारही पक्कं. वारा असो, पाऊस असो, मामांनी एकही दसरा चुकवला नाही.

त्या वर्षी माझी बायको घटस्थापनेपासूनच गप्प होती. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. खांडेनवमीला माग बंद ठेवून त्यांची पूजा करायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पेढे वाटायचे. वर्षभरात त्या एकाच दिवशी कारखाना शांत असतो. मला तो दिवस आवडत नाही. माग बंद झाले की माझ्या कानातली शिट्टी सुरू होते. ती शिट्टी गेली सात-आठ वर्षं माझ्याजवळच मुक्कामाला आहे, आणि तिच्या पाठोपाठ ऐकूही कमी कमी येत गेलं. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. बहिऱ्या जॉबरला कोण ठेवून घेणार? मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवला की मला त्याचं दुखणं कळतं, आणि माणसांचं बोलणं मी ओठांवरून वाचतो. कारखान्यातल्या खडखडाटात सगळेच तसं वाचतात, त्यामुळे तिथे मी उठून दिसत नाही. घरी मात्र मी 'लक्ष नसलेला माणूस' म्हणून प्रसिद्ध होतो. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मला ते बरं वाटायचं.

पूजा आटोपून घरी आलो तर बायको माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "उद्या आबांसंगं होडीत तुम्ही जायचं."

"मी? मला पोहता येत नाही."

"पोहायला कोण सांगतंय? बसायचं फक्त. आणि बघायचं, आबांना दिसतंय का."

प्रकार असा होता. मामा सत्तरीच्या पुढे गेले होते. गेल्या पावसाळ्यात त्यांनी घरातल्या मांजराला दोनदा पाटा समजून बाजूला सरकवायचा प्रयत्न केला. मेहुणा म्हणत होता की आबांना दिसत नाही, होडी माझ्या हातात द्या. मामा म्हणत होते की पोराला घाई झाली आहे. डॉक्टरकडे जायला तयार नाहीत, कारण डॉक्टर काय म्हणेल ते त्यांना माहीत होतं. शेवटी ठरलं की दसऱ्याला जावई सोबत जाईल, आणि जावई जे सांगेल ते सगळ्यांनी मानायचं. दिसतं म्हणाला तर होडी मामांची. नाही म्हणाला तर दोरी मेहुण्याला. ही अट मामांनीच घातली होती. जावई शहरातला, त्याला पाण्यातलं काय कळतंय, असा त्यांचा हिशोब असणार.

दसऱ्याला दुपारी सासरी पुरणपोळीवर ताव मारून आम्ही काठावर आलो तेव्हा आभाळ गोळा झालं होतं. परतीचा पाऊस रोज दुपारी कुठे ना कुठे आदळत होता आणि वारा सरळ वाहायला तयार नव्हता. पाणी काठोकाठ, मातकट, त्याला वीत-वीत उंचीच्या लाटा. समुद्र पाहिलेला माणूस हसेल त्यांना. मी समुद्र पाहिलेला नव्हता. बायकोने मला नारिंगी लाईफ जॅकेट घातलं, त्याचे पट्टे इतके आवळले की पुरणपोळी गळ्याशी आली.

मेहुणा म्हणाला, "आबा, म्होरं मी बसतो की."

"तू हितंच थांब. पाव्हणं बसतील म्होरं," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काय न्हाय, पाण्यावर बाटल्या दिसल्या की सांगायचं. बाटल्या म्हंजी खाली जाळं. पंख्यात आलं की इंजिन बंद."

"सांगतो की," मी म्हणालो.

दोरीचा हिसडा बसला, इंजिन सुरू झालं. ते मला ऐकू आलं नाही, बुडाखालच्या फळीतून कळलं. बरं इंजिन होतं. एखादा माग असता तर मी त्याला वंगण दिलं असतं आणि सोडून दिलं असतं.

काठापासून लांब गेलो आणि होडी नाचायला लागली. नाक वर जायचं, मग धाडकन खाली यायचं, आणि ओंजळभर पाणी माझ्या तोंडावर. पहिल्या चार-पाच लाटांना मी कुलदेवतेचं नाव घेतलं. नंतर, खरं सांगायचं तर, मला मजा यायला लागली. इतकं पाणी, कुणी भरून ठेवायला सांगत नाही, कुणी मोटर लावायला सांगत नाही! बगळ्यांचा एक थवा वाऱ्याविरुद्ध उडत होता आणि जागच्या जागीच होता. मी मोठ्याने हसलो. बायकोने दिलेलं काम मग आठवलं.

मी मागे वळून ओरडलो, "मामा, ते डावीकडं काय हाय?"

मामांनी हँडलवरचा हात न काढता उत्तर दिलं. मी ओठ बघितले. "चिंच. तिच्या मागं टॉवर."

बरोबर. चिंच होती, टॉवरही होता.

"आणि ते उजवीकडं?"

"टेकाड. धरण भरलं की तेचं बेट हुतंय."

तेही बरोबर. आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, मामा सगळ्यांत पास. मला हायसं वाटलं. मेहुण्यालाच घाई झाली आहे, असं मी मनात पक्कं करून टाकलं. चिंच, टॉवर आणि टेकाड गेली कित्येक वर्षं जिथल्या तिथेच आहेत, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

निम्म्याच्या वर आलो असू. पाऊस सुरू झाला, बारीक पण आडवा. तेवढ्यात समोर पाण्यावर रिकाम्या बाटल्यांची रांग दिसली. हिरव्या, पांढऱ्या, वर-खाली होत होत्या. मी वळलो आणि सांगितलं. म्हणजे आम्ही कारखान्यात सांगतो तसं सांगितलं. आमच्याकडे खडखडाटात कुणी ओरडत नाही. एकाची मातृभाषा तेलुगू, दुसऱ्याची मराठी, तिसऱ्याची उर्दू, पण हातांची भाषा एकच. बोट गोल फिरवलं की कांडी संपली, चिमूट सोडली की धागा तुटला, डोक्यावर मनगटावर मनगट ठेवून फुली केली की माग बंद कर. पंचवीस वर्षं माझे हात असेच बोलत आलेत. मी मामांकडे तोंड करून डोक्यावर भलीमोठी फुली केली.

मामा माझ्याकडे बघून छान हसले आणि होडी तशीच पुढे नेली.

मला वाटलं, त्यांना कळलं नसेल. म्हणून फुली पुन्हा केली, आणखी मोठी, जवळजवळ उभं राहून. मामांनी मान डोलावली. त्यांचे ओठ हलले, पण पावसाचं पाणी माझ्या डोळ्यांत होतं. बुडाखालची फळी एकदम थरथरली आणि मग थंड पडली. इंजिन बंद.

इंजिन बंद पडलेली होडी स्वतःच्या मनाने वागते. आमची आडवी झाली आणि लाट थेट आत आली. मामांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि उपसायची खूण केली. मी उपसायला लागलो. सोलापूरच्या माणसाला भरलेला डबा बाहेर ओतणं किती जड जातं ते इथे सांगायला पाहिजे. पहिले दोन डबे मी अक्षरशः बघून बघून ओतले.

मामा वाकून माझ्याजवळ आले, अगदी नाकाला नाक लावून. चिडले होते. "बाटल्या दिसल्या तर सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं की! दोनदा सांगितलं!" मीही चिडलो होतो, कारण घाबरलो होतो.

"कवा? मी हितनं बोंबलतोय, म्होरं जाळं हाय का, म्होरं जाळं हाय का. तुमी गपगार!"

"मी फुली केली. ही एवढी. तुम्ही हसलात."

"फुली?" मामा म्हणाले. "कुटं?"

"डोक्यावर. तुमच्या डोळ्यांसमोर. तुम्ही कधी ओरडलात?"

"तीनदा. तुमच्या पाठीशीच."

पाऊस दोघांच्याही तोंडावरून ओघळत होता. मी मामांच्या डोळ्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाळ साय होती. मामांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, कान चाचपला, आणि मग मोठ्याने म्हणाले, "ऐकाय येत न्हाय तुमाला!"

"आणि तुम्हाला दिसत नाही."

"न्हाय," मामा म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं. पोट धरून हसले. मलाही आवरेना. भर पाण्यात, आडव्या होडीत, गुडघ्यापर्यंत भिजून आम्ही सासरे-जावई हसत होतो. काठावरून कुणी पाहिलं असतं तर आम्ही सकाळीच काहीतरी घेऊन आलोय असं म्हटलं असतं.

मग मामांनी विळा काढला, आडवे झाले, दंडापर्यंत हात पाण्यात घातला आणि चाचपून चाचपून पंख्यातली दोरी कापली. मी त्यांचे पाय धरून बसलो होतो. डोळे मिटूनच काम चाललं होतं. बोटं मात्र माझ्यापेक्षा तरबेज. ज्याचं जाळं होतं त्याला आपण नवं विणून देऊ, असं ते मला सांगत राहिले, पुन्हा पुन्हा. कापलेल्या नायलॉन दोरीचं एक टोक त्यांनी स्वतःच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं. एक हिसका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, ताणून धरली की थांब. ओरडणंही नको, फुलीही नको.

आणि निघण्याआधी त्यांनी पिशवीतून आपट्याचं एक ओलं पान काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे घरात सांगायचं न्हाय. तुमचं मी सांगत न्हाय, माझं तुमी सांगू नका. घ्या, सोन्याची आण."

मी पान मुठीत घेतलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट इतका सुंदर करार मी आयुष्यात केला नव्हता. पुढचा प्रवास तर विचारू नका. वारा वाढला होता, लाटा उसळत होत्या, आणि आम्ही त्यांतून दोरीवर चाललो होतो. मी एक हिसका देई, होडी अलगद डावीकडे. दोन हिसके, उजवीकडे. वाऱ्याने तोंड फिरवलं की मामा गालावरून ओळखत आणि लाट आडवी येण्याआधीच होडीचं नाक तिच्यात घालत. मला दिसत होतं, त्यांना ऐकू येत होतं, दोघं मिळून एक बऱ्यापैकी धडधाकट माणूस झालो होतो.

पलीकडे काठावर वीस-पंचवीस माणसं वाट बघत होती. मामा उतरले आणि सोनं देत, गळ्यात पडत फिरले. प्रत्येकाला आवाजावरून ओळखत होते, नाव घेऊन विचारपूस करत होते. कुणाला पत्ता लागला नाही. मी चहा पीत जरा बाजूला उभा होतो. एक बाई, काखेत तान्हं लेकरू, मामांशी बोलत होती. मी लांब होतो, पण ओठ मला लांबूनही दिसतात. ती म्हणत होती, "आबा, उद्या सकाळच्याला या बरं का. आमी आठजणी हाय. कांद्याच्या लागणीला तिकडं यायचंय. महिनाभर रोज न्यावं लागंल."

मामा म्हणाले, "येतो की!"

मी चहाचा कप खाली ठेवला. आठ बायका आणि ते लेकरू. उद्या पुढे बसून दोरी कोण ओढणार? मी तर कारखान्यात असणार. मामांचा चेहरा मात्र असा खुलला होता की विचारू नका. त्यांना कामाला बोलावलं होतं, एवढंच त्यांच्या लेखी घडलं होतं.

परतताना पाऊस थांबला, वारा पाठीशी आला. होडी आपणहून पळत होती. मामा गात होते. मला ऐकू येत नव्हतं, मानेच्या शिरा दिसत होत्या. मला फार वाईट वाटत होतं. बाटल्या दिसल्या की दोरी ओढत राहिलो. पान शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

काठावर बायको आणि मेहुणा उभे होते. मी उतरलो, ती पुढे आली. मामा होडी खुंट्याला बांधत होते, पाच पावलांवर. तोंड आमच्याकडे, मान किंचित तिरपी. ऐकत होते. बायकोने त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू विचारलं, "दिसतं का आबांना?"

मी ओठ वाचले. तोंडाने उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नाही. मी डोळ्यांसमोर तळहात आडवा धरला आणि मान हलवली. नाही. तिचे डोळे भरून आले. मेहुण्याने मान खाली घातली. मामांना यातलं काही दिसणार नव्हतं, म्हणूनच मी तसं केलं. भेकडपणा होता तो.

मामांना उत्तर ऐकू येईना. मग त्यांचे ओठ हलले. "हातानं सांगितलं व्हय, पाव्हणं?"

"मामा, त्या आठजणी..." मी म्हणालो.

"ते खरंच की," मामा म्हणाले. "लेकरू बी हाय."

त्यांनी सदरा वर केला, कमरेची दोरी सोडली आणि मेहुण्याचं नाव घेऊन हात पुढे केला. "घे. सोनं घे." हात त्यांनी जिकडे केला तिकडे कुणीच नव्हतं. मेहुणा दोन पावलं दुसरीकडे उभा होता. तो सरकला आणि हात जिथे होता तिथे जाऊन उभा राहिला. दोरी घेतली आणि वाकून पाया पडला.

दिवाळीनंतर मामांचं सोलापुरात ऑपरेशन झालं. एक डोळा चांगला झाला, दुसऱ्याला उशीर झाला होता. आता ते होडीत पुढे बसतात, माझ्या जागेवर, आणि बाटल्या दिसल्या की साऱ्या उजनीला ऐकू जाईल असं बोंबलतात. ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा मला बघून पहिलं काय म्हणाले, तर, "पाव्हणं, केस लई पिकलं की!"

पण त्या दसऱ्याच्या संध्याकाळचं एक राहिलं. मामांनी माझ्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता. मी आण मोडली, त्यांनी पाळली. मोटारसायकलवरून आम्ही सोलापूरला निघालो आणि ते पान खिशात मला टोचत होतं. टेंभुर्णीच्या पुढे एका हॉटेलसमोर गाडी थांबवली. बायको म्हणाली, "काय झालं?" मी तिला उजेडात उभं केलं, म्हणजे तिचे ओठ दिसतील, आणि सांगितलं की मला ऐकू येत नाही, सात-आठ वर्षं झाली.

ती काहीतरी म्हणाली आणि तेवढ्यात तिने तोंडावर पदर घेतला. एरवी मी हं म्हणालो असतो. मी म्हणालो, "मला कळलं नाही. पुन्हा सांग."

तिने पदर काढला आणि सावकाश सांगितलं, "मला वाटायचं, तुम्हाला माझं बोलणंच नकोसं झालंय."